गार की गाळ

बाबा,

गेल्या आठवड्यात केशोरीहून मामाच्या मुलाचा फोन आला. तुमच्या हयातीत तो आपल्या घरी फारसा आलाच नाही, तेव्हा आवाज ओळखायला मला जरा वेळ लागला. म्हणाला, "ताई, डोंग्याची शर्यत परत सुरू करून राहिलो आमी. पुसात. तो नियमाचा कागद सापडला न, सोसायटीच्या कपाटात. लॅमिनेशन केलेला हाये, तुझ्या अक्षरातला." मग म्हणाला की पौष लागण्याआधी तलावाच्या पाळीवर मोठा फ्लेक्स लावायचा आहे, वर तुमचं नाव घालायचं आहे, खाली नियम. "तेवढं शुद्धलेखन पाहून दे. तू मराठीची मास्तरीन." मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर कागदाचा फोटो आला. तो मी पहिल्यांदा उघडला तेव्हा सरळ सातव्या नियमावरच बोट गेलं. इतक्या वर्षांत मी तो कागद एकदाही पाहिला नव्हता, पण सातवा नियम कुठं आहे ते बोटाला माहीत होतं.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल का, मला नेहमी वाटत आलं आहे. मी गोंदियाला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, नाताळच्या सुट्टीत गावी आले होते. धान निघून गेलेलं, तलावाचं पाणी मागं सरकलेलं, आणि सकाळी उत्तरेचा वारा सुटला की आपल्या सगळ्या डोंग्यांवर युरियाच्या पोत्यांच्या पाली उभ्या राहायच्या. त्या वर्षी शर्यतीला तालुक्याचे साहेब येणार होते. तुम्ही म्हणालात, नियम आपल्या तोंडात आहेत, ते एकदा कागदावर आले पाहिजेत, माझ्यामागं भांडण नको. तुम्ही अंगणात उन्हाला बसलात, जाळं मांडीवर घेऊन, आणि मी समोर पाटावर वही घेऊन. माय आत चुलीवर भाकरी टाकते आहे. तुम्ही जाळ्याची एक गाठ मारता आणि एक नियम सांगता.

धुई फिटल्याबिगर थारी वाजवाची नाई. पल्याडच्या पाळीवरचा पळस दिसला पाहिजे. थाळी दोनदा: पहिलीला डोंगे रांगेत, दुसरीला सुटायचं. पाल सहा पोत्यांची, सातवं पोतं शिवलेलं दिसलं की डोंगा काठावर. जाताना वल्हं, येताना पाल; पाण्यात तरंगत्या लाल डब्याला डाव्या हाताला ठेवून वळायचं, डब्याला डोंगा घासला तर त्याच डब्याला अजून एक चक्कर, कोणी पाहिलं असो की नसो. एक डोंगा, एक गडी, दोन पाऱ्या. गडी बदलला तर डोंगा बाद. काठावर शेकोटी आणि कोरडं कांबळं असल्याशिवाय शर्यत नाही. तुम्ही हे सगळं असं सांगत होतात की जसं काही ते तलावातच लिहिलेलं आहे आणि तुम्ही नुसतं वाचून दाखवताय. आणि मी ते लिहीत नव्हते, बाबा. मी ते दुरुस्त करत होते.

वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात मी "सारा" म्हणाले होते, आणि खोलीतल्या दोघींना ती शाळा आहे हे कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर त्या हसल्या. मी "पाल" म्हणाले तेव्हा एक पलंगावर चढून बसली होती, भिंतीवर पाहत. मी "मी गेली" म्हणायची, त्या "गेले" म्हणायच्या. वर्षभरात मी सगळं पुसून काढलं. आपल्या तोंडात ळ नाही हे मला तिथं कळलं, आणि मग मला जिथं तिथं र दिसला की त्याच्या जागी ळ असावा असा संशय यायला लागला. तुमच्या नियमांत मी पालीचं शीड केलं, पारीची फेरी केली, डोंग्याची नाव केली, गड्याचा खलाशी केला. आपल्या तलावावर आजवर एकही खलाशी आलेला नाही.

मग तुम्ही म्हणालात, "लिव. गार लागन त डोंगा काठाले आनाचा, गडी बदलाचा. पारी बाद नाई."

मी लिहिलं: गाळ लागल्यास नाव काठाला आणावी व खलाशी बदलावा. फेरी बाद होणार नाही.

मला शंका आली नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिलं आहे, आणि उत्तर तेच येतं. पुसात पाणी उतरलं की उथळ बाजूला डोंगे चिखलात बसतात हे मी लहानपणापासून पाहिलेलं, तेव्हा मला ते बरोबरच वाटलं. पण त्याच्यापुढं तुम्ही अजून एक वाक्य बोललात. तुम्ही म्हणालात, "पारी संपवून येईन त पंचानं त्याले त्याच्या मायचं नाव विचाराचं. बराबर नाई सांगितलन, जीभ लटपटली, त उतरवाचं." मी पेन थांबवलं. म्हणाले, बाबा, हे काय लिहायचं? साहेबांसमोर माणसाला आईचं नाव विचारायचं? तुम्ही जाळ्यातून वर पाहिलंत. म्हणालात, "गार लागलेला मानूस सोताचं नाव सांगते, मायचं इसरते." मी हसले. म्हणाले, हे नको, चांगलं दिसत नाही. तुम्ही हातातली गाठ आवळलीत, मग म्हणालात, "तू शिकलेली. पाय तुले कसं दिसते त." तो नियम मी लिहिला नाही. तो लिहिला असता तर त्याच्या वरच्या ओळीतली गार कसली आहे हे माझं मलाच कळलं असतं. पंच चिखलात फसलेल्या माणसाला आईचं नाव कशाला विचारेल? म्हणजे चूक एका अक्षराची झाली असं मी म्हणू शकत नाही. अक्षर चुकलं होतं, आणि ते दाखवणारी ओळ मी लाजेखातर टाकून दिली होती.

शर्यतीच्या सकाळी पाळीवर लाउडस्पीकर होता. साहेब खुर्चीवर, तुम्ही थाळी घेऊन उभे, मी टेबलाशी कागद घेऊन. बक्षीस नायलॉनचं नवं जाळं होतं, ते बांबूवर टांगलेलं, आणि मामा सकाळपासून त्याच्याकडं न पाहिल्यासारखं करत होता. पळस दिसला, थाळ्या वाजल्या, डोंगे सुटले. मामा पहिल्या पारीला लाल डब्याशी सगळ्यांच्या पुढं होता. पाल उभी करताना त्याचा पाय घसरला आणि तो पाण्यात गेला. परत डोंग्यात चढला, पाल ओढली, आणि त्या वाऱ्यात ओल्या अंगानं बसून आला. जाताना वल्हं मारून माणूस गरम राहतो, येताना नुसता दोर धरून बसायचं असतं, तुम्हीच सांगायचात. काठाला लागला तेव्हा त्याच्या हातातला दोर सुटत नव्हता. काठावर थांबलेल्या त्याच्या जोडीदारानं बोटं एकेक करून उघडली. मामाला शेकोटीजवळ कांबळ्यात बसवलं आणि जोडीदार दुसरी पारी घेऊन गेला, आणि सगळ्यांच्या आधी आला.

पल्याडच्या वस्तीचे लोक टेबलाशी आले. त्यांच्यातला एक, जाडा, मफलर बांधलेला, म्हणाला, "गडी बदलला. बाद."

मामा कांबळ्यातूनच बोलला. "गार लागलं म्हनून बदलला. बोटं वरत नोहोती माझी. गाराची पारी बाद नाई, हे भाऊजीनंच ठरवलं."

"तोंडी कायले? कागद हाये न आता. वाच वो पोरी."

मी माइकवर वाचलं. गाळ लागल्यास. ळ स्वच्छ उच्चारला. त्या दिवशी त्या पाळीवर ळ म्हणू शकणारे दोघेच होते, साहेब आणि मी.

मफलरवाल्यानं मान वाकडी केली. "कोनता गार म्हनते? थंडीचा का चिखलाचा?"

"चिखलाचा न. साफ म्हनली ते," मागून कोणीतरी म्हणालं. "तुमचा डोंगा त तलावाच्या मदातून आला. चिखल का आभायातून पडला?" लोक हसले.

सगळे माझ्याकडं पाहत आहेत. माइक चालू आहे. मामाचे हात कांबळ्याबाहेर आहेत, बोटं आखडलेली, निळसर, आणि त्या हातांकडं पाहताना मला कळलं. त्या क्षणी कळलं, नंतर नाही. हे मी इथं नीट लिहून ठेवते, कारण पुढं अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला रात्री, विचार करताना कळलं. मला तिथंच कळलं होतं. आणि मी माइकवर म्हणाले, "लिहिलंय तसं. चिखलाचा."

साहेबांनी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जाळ्यात एखादी गाठ सुटलेली दिसली की तुम्ही जसं पाहायचात, कुठून सुटली ते शोधत, तसं पाहिलंत. मग म्हणालात, "पोरगी बराबर वाचते. मीच तसा सांगितलो."

मामा उठून उभा राहिला. "मंग मी खोटा?"

तुम्ही थाळी खाली ठेवलीत.

"सांगा न भाऊजी. इतक्या लोकात सांगा. मी खोटा का?"

"तू खोटा नाई," तुम्ही म्हणालात. "डोंगा बाद हाये."

जाळं पल्याडच्या वस्तीत गेलं. घरी येऊन तुम्ही जेवलात, आणि हात धुताना तुम्ही मला म्हणालात, "अक्षर चांगलं हाये तुझं." मी अजून ठरवू शकलेले नाही की तो टोमणा होता का. तुम्ही टोमणे मारत नव्हतात. म्हणजे ते तुम्ही खरंच म्हणालात, आणि ते जास्त वाईट आहे. मला वाटतं तुम्हाला तो कागद आवडला होता. तुमचं बोलणं पहिल्यांदा कागदावर आलं होतं आणि ते सुंदर दिसत होतं, आणि ते तुमचं बोलणं नव्हतं हे तुम्हाला वाचता येत नसल्यामुळं दिसत नव्हतं. त्या दिवशीची माझी डायरीही मी काल काढून पाहिली, सोसायटीतून तुम्ही आणून दिलेली, हिरव्या पुठ्ठ्याची. तिच्यात एवढंच आहे: शर्यत झाली. हवा स्वच्छ. मामाची नाव बाद. का बाद, ते नाही. डायरीतसुद्धा नाही, जी माझ्याशिवाय कोणी वाचणार नव्हतं. आणि तिथंही "नाव".

मी सुट्टी संपून निघून गेले. मागं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. पुढच्या पुसात मामाच्या बाजूचे डोंगे आले नाहीत, त्याच्या पुढच्या पुसात थाळीच वाजली नाही. भाऊबीजेला मामा आला नाही. मायनं ताट करून ठेवलं होतं, संध्याकाळी ते उचलून ती अंगणात गेली आणि तिनं चंद्राला ओवाळलं, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. तिचा भाऊ तलावाच्या त्याच काठावर, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर होता. मी दारात उभी होते. तुम्ही ओट्यावर होतात. आपण दोघांनीही एकमेकांकडं पाहिलं नाही. तुम्ही माझ्याऐवजी मेहुणा घालवला आणि मायनं काही माहीत नसताना भाऊ, आणि मी त्यावर बी.एड. केलं.

तुमच्या शेवटच्या दोन वर्षांत तुम्ही फोनवर माझ्याशी सांभाळून बोलायला लागला होतात. "साळेत गेली होती का," म्हणायचात. साळा. शाळेपर्यंत पोचायचा प्रयत्न करत वाटेत थांबलेला शब्द. मी तो ऐकायची आणि हो म्हणायची. मी तुम्हाला कधी म्हणाले नाही की बाबा, सारा म्हणा. आजही मुलांच्या वहीत "पानी" दिसलं की माझं लाल पेन आपोआप चालतं. हे बरोबर आहे की चूक, मला खरंच कळत नाही. परीक्षेत त्यांचे गुण जातील.

तर रविवारी मी एसटीनं केशोरीला गेले. फोनवर मामेभाऊ एक गोष्ट बोलला होता, तिच्यामुळं जावंच लागलं. म्हणाला होता, "तो सातवा नियम काढून टाकतो, ताई. आता तलावातला गाळ काढला न, चिखल कुठी राहिला?" म्हणजे मामाचा डोंगा ज्याच्यापायी बाद झाला तो नियम तर जाणार होताच, पण त्याच्या खाली दाबली गेलेली तुमची गारही कायमची जाणार होती. पुसाची सकाळ, कॉलेजची पोरं, आता फायबरच्या नावा आणि खऱ्या कापडाच्या पाली, आणि थंडीबद्दल एक अक्षर नाही. वर मात्र तुमचं नाव.

मामा अंगणात उन्हाला बसला होता, शाल घेऊन. फार म्हातारा झाला आहे. मला पाहून म्हणाला, "ये वो बाई. काऊन इतक्या दिवसानं?" मी जवळ बसले. मामेभाऊ चहा घेऊन आला, कागद घेऊन आला. मी त्याला म्हणाले की सातवा नियम काढायचा नाही, तो गाळ नाही, गार आहे. थंडी. आणि त्याच्याखाली एक नियम राहून गेलेला आहे, तो घाल. मी त्याला मायच्या नावाचा नियम सांगितला. तो हसेल असं वाटलं, पण त्यानं तो मोबाइलवर लिहून घेतला, तुमच्याच शब्दात, आणि म्हणाला, "भारी हाये हे. डॉक्टर बी असंच काही विचारते न."

मामा ऐकत होता. त्यानं शाल सारखी केली.

"गार?" तो म्हणाला.

"हो मामा."

"थंडीचा?"

"हो."

त्यानं समोरच्या सुकत घातलेल्या मासळीकडं पाहिलं. "मंग तवा कागदात चिखल कसा आला?"

यासाठीच मी गेले होते, बाबा. बसमध्ये अर्जुनीपासून मी ते वाक्य मनात घोकत होते. आणि मी म्हणाले, "लिहिताना चुकलं, मामा."

चुकलं. कोणाचं ते त्या शब्दात नाही. आपली भाषा किती सोयीची आहे पाहा, चूक करणाऱ्याला उभं करायला जागाच ठेवत नाही. मामानं मान हलवली. म्हणाला, "म्हंजे भाऊजीचं सांगतानीच चुकलं. अन् मंग लोकात कबूल कसा करन, पंच मानूस." तो थोडं हसला. दात फारसे उरले नाहीत. "मी समजलो मुद्दाम केलन. पल्याडच्यांचं मन राखाले. चुकते बाप्पा, मानसाचं चुकते. जाऊ दे." मग तुमच्याबद्दल मुलाला म्हणाला, "फुफाजीचं नाव मोठ्या अक्षरात टाक."

त्यानं तुम्हाला माफ केलं. इतक्या वर्षांनी, माझ्यासमोर, एका अशा चुकीसाठी जी तुमची नव्हती, आणि मी चहा प्यायले. त्या पाळीवर तुम्ही ती चूक स्वतःच्या अंगावर घेतलीत तेव्हा निदान तुम्हाला माहीत होतं तुम्ही काय करताय. परवा तुम्ही नव्हतात, आणि मी ती परत तुमच्याच अंगावर ठेवून आले.

निघताना मामेभाऊ बसपर्यंत सोडायला आला. म्हणाला, फ्लेक्सच्या खाली माझंही नाव टाकतो, "शुद्धलेखन" असं लिहून. मी म्हणाले, शुद्धलेखन नको. "मंग काय लिवू?" मी म्हणाले, बुधवारपर्यंत सांगते. आज मंगळवार आहे. समोरच्या कागदावर मी चार प्रकारे लिहून पाहिलं आहे. "पहिली प्रत लिहिणारी" हे खरं आहे, पण ते मानाचं वाटतं. "सातवा नियम पूर्वी चुकीचा लिहिला गेला होता" यात परत कोणी नाही. आणि मामाला फ्लेक्सवरून कळू द्यायचं हा अजून एक पळपुटेपणा आहे, तो तर वाचूही शकत नाही, त्याला कोणीतरी वाचून दाखवणार.

हे पत्र तुम्हाला पाठवायचं कुठं हा प्रश्नच नाही. तुम्ही असतात तरी तुम्हाला वाचता आलं नसतं. घरी आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवायची, आणि आता सांगते, अवघड ओळ आली की मी ती गाळायची. तुम्ही ऐकता ऐकता माझ्याकडं पाहायचात, आणि पुढं म्हणायचात, "हं, मंग?" हेही मी तुम्हाला वाचून दाखवलं असतं तर शेवटची ओळ गाळली असती. म्हणून ती इथं लिहून ठेवते. वसतिगृहात जाण्याआधी बोलायची तशीच लिहिते, आणि यावर पेन चालवणार नाही.

बाबा, मी चुकली.